अण्णा म्हणजे आकडा तीन

बारा जानेवारी, रविवार, सकाळी साडेदहा. रक्कम तीन हजार रुपये, आगाऊ. हजर तिघं: मी, माझी बायको आणि पैसे देणाऱ्या बाई. बाई धारवाडच्या एका शाळेत कानडी शिकवतात आणि सात वर्षं पीएच.डी. करत होत्या. मी नोकरीत आकडेवारीचंच काम करतो, आणि रविवारी धारवाडजवळच्या नवनगरमधल्या घरी संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांना संगणकावरचे तक्ते शिकवतो.

बाईंनी कानडी आणि मराठी घरांतल्या दोनशे चाळीस मुलींकडून फॉर्म भरून घेतले होते. प्रश्न असा की, दहावीनंतर मुलीनं काय शिकायचं हे घरात कोण ठरवतं? उत्तरं मुलींनी आपापल्या शब्दांत लिहिली होती. बाई ती एकेक वाचून वहीत रेघा मारत बसायच्या. मी म्हटलं, रेघा बंद. सगळं जसंच्या तसं टाइप करा, त्या मूळ पानाला पुन्हा हात लावायचा नाही. शेजारी दुसरं पान: एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला आकडा. अप्पा किंवा बाबा एक. आई किंवा अव्वा दोन. अण्णा तीन, म्हणजे थोरला भाऊ. पुढचं काम सूत्र करतं.

बाई सगळं टाइप करून घेऊन आल्या, आणि मोजणीचं महिन्याचं काम चहा निवायच्या आत झालं. बाई माझ्या बायकोला म्हणाल्या, "अक्का, तुमचे सर जादूगार आहेत की हो!"

"किराणाच्या यादीला त्यांना दोन तास लागतात, ते नाही बघितलंत तुम्ही," बायको म्हणाली.

तक्ता मोठा देखणा निघाला. कानडी घरांत वडील ठरवतात, मराठी घरांत थोरला भाऊ. बाईंचे मार्गदर्शक बेहद्द खूश. प्रबंधाचं चौथं प्रकरण त्यावरच उभं राहिलं. फेब्रुवारीत मार्गदर्शकांनी तो निष्कर्ष एका चर्चासत्रात वाचला, पुस्तिकेत छापला. तळाशी माझे आभार होते. मी ती पुस्तिका पाहुण्यांना दिसेल अशी ठेवली होती, हेही लिहून टाकतो.

तेवीस फेब्रुवारीला बाई शेवटचं तपासायला आल्या. प्रबंध शुक्रवारपर्यंत द्यायचा होता. त्यानंतर दंड भरून एक आठवडा, आणि मग नोंदणीच रद्द. आत माझी मुलगी अभ्यास करत होती. तिनं तिथूनच हाक मारली, "अण्णा, चहा ठेवू का?"

बाई हसल्या. "सर, मुलगी तुम्हाला भाऊ म्हणते?"

"नाही हो, आमच्यात वडिलांना..." एवढंच म्हणालो आणि समोरच्या तक्त्याकडे बघितलं.

आमचं घर मराठी, माझ्या वडिलांनाही आम्ही अण्णाच म्हणायचो. फॉर्म कानडीत होते, आमचं बोलणं कानडीत होतं, आणि कानडीत अण्णा म्हणजे भाऊ. त्या दिवशी मी डोक्यानं कानडीत होतो. तीन हा आकडा माझ्याच हातानं लिहिलेला होता.

बाईंनी माझा चेहरा वाचला. "किती आहेत?" त्यांनी विचारलं.

मूळ पान उघडून मोजले. मराठी घरांतले अण्णा सत्तावन्न. सूत्र बदलून भागणार नव्हतं, कारण आमच्या शेजारच्याच मराठी घरात मोठ्या मुलाला अण्णा म्हणतात. कुठला अण्णा बाप आणि कुठला भाऊ, हे जगातलं कुठलंही साधन सांगू शकत नव्हतं.

"सर, हे कुणाला कळणार आहे?" त्यांचा आवाज एकदम खाली आला. "सात वर्षं झाली. घरचे आता विचारतसुद्धा नाहीत."

चूक माझी होती आणि भोगणार त्या होत्या. प्रामाणिकपणाचा आग्रह धरायचा, तर तो त्यांच्या जिवावर. आणि तोंड मिटायचं, तर तो तक्ता माझ्या नावासकट ग्रंथालयात कायमचा बसणार.

"तुम्ही गप्प राहाल?"

"राहीन. पण कुणी विचारलं, तर खोटं बोलणार नाही."

"म्हणजे राहणार नाही, असंच की!" त्या चिडून उठल्या, दारापर्यंत गेल्या, चप्पल पायात घातली. मग तशाच परत आल्या, फॉर्मचा गठ्ठा ओढला आणि पहिला फोन लावून माझ्या हातात दिला. "मराठीत विचारा. तुमचीच माणसं आहेत."

मी विचारलं, "बाळ, तुमच्या घरी अण्णा कोण?"

"अण्णा म्हणजे अण्णाच की हो!"

"तुझे कोण लागतात?"

"बाबाच की!" पलीकडे दोघीतिघी खिदळल्या.

चार दिवस, शाळा आणि ऑफिस सांभाळून, आम्ही फोन करत होतो. अठ्ठेचाळीस बाप. पाच भाऊ. एक आजोबा. तिघींचा फोन लागला नाही. त्यांच्यापुढे मी 'माहीत नाही' लिहिलं. नवा तक्ता सपाट आला. कानडी घरांत वडील ठरवतात, मराठी घरांतही वडीलच. चौथ्या प्रकरणाची अडतीस पानं होती, नऊ उरली.

"यात नवीन काय?" मार्गदर्शक म्हणाले, आणि शुक्रवारी सही केली नाही. शनिवार, सोमवार, मंगळवार बाई त्यांच्या दाराशी बसल्या. मी ऑफिसात आकडे बघत होतो आणि मला एकही दिसत नव्हता. बुधवारी दुपारी सही झाली. पुस्तिकेचं विचारलं, तर ते म्हणाले, छापलं ते छापलं. ती अजून तशीच आहे, माझ्या आभारांसकट. घरातली प्रत मी कपाटात आत सरकवली.

पाच मार्चला बाईंनी विद्यापीठाला दंड भरला, अडीच हजार. संध्याकाळी पावती दाखवायला आल्या, तेव्हा मी त्यांचे तीन हजार त्यांच्यापुढे ठेवले.

"पाचशे जास्त होतात, सर."

"फोनचे," मी म्हटलं.

त्यांनी ते पाकिटात घातले.