पन्नासची दुर्बीण

"किती पॉवरची आहे?" असं कुणी विचारलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. नातेवाईक विचारतात, कंपनीतले विचारतात, सोसायटीचा वॉचमनसुद्धा विचारतो. मी रायफल शूटिंग करते, तीनशे मीटरवर, झोपून, दुर्बीण लावून, एवढं कळायचा अवकाश. श्वास कुठे धरतेस, वारा कसा ओळखतेस, हे कुणी विचारत नाही. पॉवर किती. मी काय मिक्सर घेतलाय?

लोकांचं सोडा, लोकांना काय माहीत. पण आमच्या घरात बाबांनीही तोच घोळ घातला, आणि तो मला चांगलाच महागात पडला. अजून राग गेलेला नाही. कुणाचा राग, तेही आता धड सांगता येत नाही.

मी अंबरनाथला एका इंजिनिअरिंग कंपनीत तयार माल तपासायचं काम करते. राहायला बदलापूर पश्चिमेला, मांजर्लीत, तळमजल्यावर. बाबांचा उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये लेथ मशीनचा गाळा आहे. साठी ओलांडली तरी रोज सकाळी नऊला शटर वर म्हणजे वर. मला रेंजवर पहिल्यांदा घेऊन गेले ते बाबाच. दर रविवारी माझ्या मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहणारेही तेच. हे आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून वाटेल की मला बापाची किंमत नाही.

रायफल क्लबची. लांबच्या पल्ल्याची अशी एकच रायफल क्लबकडे होती आणि ती आम्ही पाळीपाळीने वापरायचो. मागच्या वर्षी निवड चाचणीत माझा पाचवा नंबर आला. राज्याच्या संघात चार जण घेतात. त्यानंतर क्लबने नवा नियम काढला की पुढच्या चाचणीनंतर ही रायफल निवड झालेल्यांनाच मिळेल. म्हणजे यंदा पहिल्या चारात आले तर ठीक, नाहीतर माझा खेळ संपला. स्वतःची रायफल, तिचा परवाना, हे आमच्या आवाक्यातलं काम नव्हे. घरात हे सगळ्यांना माहीत होतं. बाबांना सगळ्यात जास्त.

म्हणून ठरलं की रायफल क्लबची असली तरी दुर्बीण आपली घ्यायची. क्लबची जुनी दुर्बीण हजार हातांतून गेलेली, तिची कडी फिरवली की कुरकुरायची. मी दोन महिने डोकं लावलं. क्लबमध्ये शिकवणाऱ्या आमच्या सरांना विचारलं, दुसऱ्यांच्या दुर्बिणीतून बघितलं आणि कागदावर लिहून बाबांना दिलं: पाच ते पंचवीस. म्हणजे कडी फिरवली की लांबची वस्तू पाचपट ते पंचवीसपट जवळ दिसते. याच्या वर नको. का नको, तेही सांगितलं. पॉवर वाढवली की नुसता कागद मोठा होत नाही. हाताची थरथर मोठी होते, छातीतला ठोका मोठा होतो, आणि ऊन तापलं की जमिनीवरून जी हवा थरथरत वर येते तीही तेवढीच मोठी होते. उन्हात डांबरी रस्त्यावर पाणी हलल्यासारखं दिसतं ना, तेच. पन्नासपटीवर काळं वर्तुळ उकळत्या चहासारखं हलतं. त्यात नेम कुठे धरणार?

हे मी बाबांना तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा त्यांनी मान डोलावली.

आणि दसऱ्याच्या दोन दिवस आधी घरी फोन करून आईला सांगितलं, "पोरीला म्हणावं, पन्नासवाली घेतली. दहा ते पन्नास. एक नंबर चीज आहे."

त्यांच्या गाळ्यापासून दोन गल्ल्या सोडून एका सिंधी काकांचं दुकान आहे. कॅमेरे, दुर्बिणी, असला माल. बाबांची त्यांची जुनी ओळख. ते काका नंतर मला स्वतः म्हणाले, "बेटी, मैंने बोला था, साईं, इतना पॉवर लेके क्या चाँद देखना है? पहले बच्ची को पूछो. सुनते नहीं हैं." म्हणजे दुकानदार माल विकायचा सोडून नको म्हणतोय, आणि आमचे बाबा ऐकत नाहीत.

त्या दिवशी बाबांनी घरी येऊन वर ऐटीत सांगितलं, "अगं, मी दुकानाच्या दारात उभा राहून तपासली. समोरच्या बिल्डिंगवर बोर्ड आहे. दहावर ठेवली तर कळेना काय लिहिलंय. पन्नासवर अक्षर न् अक्षर वाचलं. आता बोल."

मी म्हटलं, "बाबा, मला बोर्ड वाचायचा नाहीये. उद्या जाऊन बदलून आणू." ते म्हणाले, "उद्या खंडेनवमी आहे. परवा बघू."

इथे माझी चूक झाली. तेव्हाच्या तेव्हा डबा उचलून कॅम्प दोनला जायला हवं होतं. खंडेनवमीला गाळ्यात पूजा असते. लेथला हार, माप घ्यायच्या व्हर्नियरला गंध, हातोडी-पान्हे धुऊनपुसून पाटावर मांडतात. दुसऱ्या दिवशी मी कंपनीतल्या पूजेवरून गाळ्यावर पोचले तर पाटाच्या मधोमध माझी दुर्बीण. तिला झेंडूची माळ आणि नेम जुळवायच्या वरच्या चकतीवर हळदकुंकू. चकती फिरते तिथल्या फटीत कुंकू गेलं होतं. ते मी दोन दिवस ब्रशने काढत बसले.

परत करायचा विषय काढला तर आई मध्ये पडली. "पूजा झाली ना तिची? मग आता ती परत नाही जायची. पूजेला लावलेलं हत्यार कुणी दुकानात नेऊन देतं का?" बाबा नुसते हसले. मला तेव्हा वाटलं, मुद्दाम केलं यांनी. अजूनही वाटतं. पण आईशी वाद घालून उपयोग नव्हता आणि बाबांचा चेहरा इतका फुललेला होता की मी गिळलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तो.

मग सुरू झाले रविवार. मी झोपायचे, बाबा मागे खुर्चीवर. "फुल पॉवर आहे ना?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मी "हो" म्हणायचे. "कसं दिसतंय?" "मस्त." सकाळी सात-साडेसातची वेळ, थंडीचे दिवस, जमीन गार. त्यामुळे पन्नासवरही बऱ्यापैकी दिसायचं. पण गोळी सुटली की रायफल धक्का खायची आणि एवढ्याशा चित्रातून कागद गायब. शोधत बसायचं, कुठे गेला माझा कागद. डोकं जरा हललं की काचेत अंधार. मान अवघडून जायची. सर एकदा हळूच म्हणाले, "वीसवर घेऊन सराव कर ना." मी मागे बघितलं. बाबा हात मांडीवर ठेवून बघत होते. मी म्हटलं, "नको सर, चाललंय." मला स्वतःचाच संताप येतो हे आठवलं की. एकोणतीस वर्षांची बाई मी, कंपनीत चुकलेला माल दाणकन परत पाठवते, आणि इथे बापाला वाईट वाटेल म्हणून वाकडं डोकं करून झोपते.

चाचणी मार्चमध्ये होती. माझी पाळी सकाळी येईल असं धरून चालले होते, ती आली साडेअकराला. ऊन असं की डोंगराच्या पायथ्याचा गवताळ पट्टा नुसता थरथरत होता. डोळा लावला तर पन्नासवर वर्तुळ नव्हतंच. काळं काहीतरी हलत होतं, पसरत होतं. पहिल्या दहा गोळ्या कशाबशा मारल्या. तरी तोवर मी तिसरी होते. दुसऱ्या दहाच्या आधी मी जे पाच महिने करायला हवं होतं ते केलं. कडी फिरवून वीसवर आणली. चित्र शांत झालं. काळं वर्तुळ गोल दिसायला लागलं. मला रडायलाच आलं, इतकं बरं वाटलं.

आणि इथेच माती खाल्ली. दुर्बिणीच्या काचेवर बारीक खुणा असतात. वारा डावीकडून आला की नेम डावीकडे सरकवायचा. वारा थोडा असेल तर एक खूण, जोरात असेल तर दोन. काही दुर्बिणींत पॉवर बदलली की खुणाही चित्राबरोबर लहानमोठ्या होतात, म्हणजे हिशोब तोच राहतो. मी मागितली होती ती तशी होती. ही तशी नव्हती. हिच्यात खुणा जागच्या जागी राहतात आणि फक्त पन्नासवर खऱ्या ठरतात. वीसवर एक खूण म्हणजे अडीच खुणा. हे मला माहीत होतं. वाचलेलं होतं. पण पाच महिने पन्नासवर हात बसला होता. वारा आला, सवयीने मी एक खूण धरली, आणि गोळी वर्तुळाच्या डावीकडे बाहेर. मला वाटलं वारा पडला. पुढची कमी धरली, तेवढ्यात वारा वाढला. असं करत पाच गोळ्या गेल्या तेव्हा डोक्यात उजेड पडला. उरलेल्या पाच चांगल्या गेल्या. त्यांचा काय उपयोग?

मी सातवी आले.

बोल्ट काढून बाजूला ठेवला होता, रायफल रिकामी, समोर कागद अजून उभे होते. मी चटईवर बसून राहिले. बाबा आले आणि म्हणाले, "शेवटी काय झालं? फुल पॉवर नव्हती का ठेवलीस?"

मग माझा बांध फुटला. मी त्यांना सगळ्यांसमोर म्हटलं, "झोपा. झोपा इथे आणि स्वतः बघा." सरांनी मानेने हो म्हटलं तशी ते गुडघे धरत खाली झोपले. पन्नासवर डोळा लावून म्हणाले, "हो गं, उकळतंय खरं." मी कडी पार दहावर आणली. ते करताना रायफल रेतीच्या पिशवीवरून जरा सरकली. मी वाकून बघितलं, शेजारचा कागद आला होता, त्याच्या वर पाटी, आकडा बारा. ठसठशीत, स्वच्छ. म्हटलं, "आता बघा किती शांत आहे. वरचा आकडा वाचा."

बाबांनी डोळा लावला. बराच वेळ लावला. मग म्हणाले, "अकरा."

अकरा माझ्या कागदावरचा आकडा होता.

"नीट बघा," मी म्हटलं.

"अकराच की."

मी त्यांच्या शेजारी बसले होते. दुकानासमोरचा तो बोर्ड मला आठवला. गाळ्यावर जाताना मी त्याच गल्लीतून जाते. तो बोर्ड गल्लीच्या तोंडापासून नुसत्या डोळ्यांनी वाचता येतो.

"बाबा, कुठल्या डोळ्याला दिसत नाही?"

ते उठून बसले. पँटची धूळ झटकली. "दोन्ही. उजव्याला जास्त."

"कधीपासून?"

"झालं वर्ष."

"आईला माहीत आहे?"

"तिला सांगितलं तर गाळा बंद करायला लावेल ती."

गाळा. म्हणजे वर्षभर हा माणूस गरगरणाऱ्या लेथवर हाताच्या अंदाजाने काम करत होता. मला भयंकर राग आला. मी काही गोड बोलले नाही. मी म्हटलं, "माझी निवड गेली, बाबा. तुमच्यामुळे गेली. तुम्हाला दिसत नव्हतं म्हणून तुम्ही तुमच्या डोळ्यांची दुर्बीण घेतलीत. एका शब्दाने सांगता येत नव्हतं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणजे माझ्या तोंडाच्या दिशेने बघितलं. आवाज चढवला नाही.

"तू तरी कुठे सांगितलंस? दर रविवारी विचारत होतो. मस्त म्हणायचीस."

सर रायफल उचलून पेटीत ठेवायला लागले. पुढच्या रविवारपासून ती दुसऱ्या कुणाच्या तरी हातात असणार होती. मी चटई गुंडाळली, दुर्बिणीचा डबा पिशवीत टाकला आणि आम्ही मोटरसायकलपाशी आलो. बाबांनी सवयीने किल्ली काढली. पहाटे अंधारात, धुक्यात, मला मागे बसवून तेच चालवत आले होते. वर्षभर दर रविवारी तेच चालवत आले होते.

मी हात पुढे केला. त्यांना तो लगेच दिसला नाही. मग दिसला, आणि त्यांनी किल्ली दिली.