फ्लॉपीत न गेलेली विहीर

शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी पोलादपूरच्या वरच्या वाडीवर अन्याय झाला. मंजूर रस्त्याच्या नकाशात वाडीची एकुलती विहीरच नव्हती.

मी भांडायलाच महाडला, नकाशे काढणाऱ्याकडे गेलो. तो नेहमीसारखा कॉम्प्युटरवरच्या रेघांवर पेन्सिल टेकवत पुटपुटत होता.

"गाव वेगळ्या फाईलीत हाय रे, रस्त्याच्या फाईलीला नुसतं जोडलेलं. खात्याला फ्लॉपीत मी रस्ता तेवढा दिला. गाव माझ्याकडंच राहिलं."

त्यानं फाईल जोडली. विहीर रस्त्याच्या मधोमध उमटली. त्यानं नकाशा पुन्हा छापला, खाली 'चूक माझी' लिहून सही केली.

"काम जाईल तुमचं."

"विहीर नाय जायची."

हा माणूस मला अजून कळलेला नाही.

वाडीकरांनो, सोमवारी रस्त्याची आखणी आहे. या चिठ्ठीसोबतचा हा नकाशा घेऊन विहिरीपाशी उभे राहा.