काटेबाईंची काच

काटेबाईंचं आडनाव काटे नव्हतं. लष्करी विमानांच्या त्या कारखान्यात त्या पहिल्यांदा रुजू झाल्या, तेव्हा त्यांना तबकड्यांच्या टेबलावर बसवलं होतं. उंची, वेग, इंधन दाखवणाऱ्या गोल तबकड्या विमानातून निघून त्यांच्यापुढे यायच्या आणि त्यांचे काटे खरं बोलतात की थापा मारतात, हे त्या तपासायच्या. कुणीतरी गमतीने काटेबाई म्हणालं आणि ते जन्माचं चिकटलं. पुढे नोकरी, संसार आणि दोन बाळंतपणं सांभाळत त्यांनी इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतली, जोडणी विभागाच्या प्रमुख झाल्या, आणि दैवाची थट्टा अशी, की विमानातले सगळे काटे उपटून टाकायचं काम त्यांच्याच वाट्याला आलं.

ती लढाऊ विमानं जुनी होती. हाडापेराने ठणठणीत, पण डोळ्यांनी आणि कानांनी म्हातारी. काटेबाईंनी त्यांना नवा संगणक दिला, नवं रडार जोडलं, आणि वैमानिकासमोरच्या तबकड्यांच्या गर्दीच्या जागी एकच रुंद काच बसवली. नकाशा, रडार, शत्रूची चाहूल, सगळं त्या एका काचेवर. बोट लावलं की हवं ते पान उघडायचं. जाड हातमोज्यातलं बोटसुद्धा ती ओळखायची. घरी सासूबाई शेजारणींना सांगत, "आमची सून विमानात टीव्ही बसवते." काटेबाईंनी दोन-चारदा समजावून पाहिलं, मग नाद सोडला.

नमुन्याची दोन विमानं तयार झाली. पहिलं थोरले उडवत, दुसरं धाकटे. थोरले म्हणजे सगळ्यांत ज्येष्ठ चाचणी-वैमानिक. मिशा पांढऱ्या, आवाज मऊ, पण त्यांच्या शब्दापलीकडे जायची कुणाची टाप नव्हती. धाकटे त्यांच्या हाताखाली तयार झालेले आणि त्यांच्या लेकाच्या वयाचे. हवाई दलाची समिती येऊन थोरल्यांचं उड्डाण बघणार होती. काच पास झाली तर सगळ्या विमानांना हाच संच बसणार होता. नापास झाली तर काम बंद करून बाहेरून तयार संच मागवायचा, असं ठरलेलं होतं. काटेबाईंच्या उमेदीची सगळी वर्षं त्या एका उड्डाणाला टांगलेली होती.

आणि नेमकं तेव्हाच पहिल्या विमानाला भूत लागलं.

थोरले उतरून आले आणि म्हणाले, "काटेबाई, भर आकाशात नकाशा गेला हो. मी उंची बघतोय, तर त्या जागी उंची जुळवायचं पान उघडलेलं. मी कशालाही हात लावला नाही."

थोरल्यांनी खोटं बोलणं शक्यच नव्हतं. संगणकाची नोंद काढली, तर तिथे साफ दिसत होतं की काचेला स्पर्श झाला. म्हणजे काचच वेडी झाली, नसलेलं बोट तिला जाणवतंय. काच बदलली. पुढच्या उड्डाणात पुन्हा तेच. पहिल्या विमानातली काच दुसऱ्यात लावली, तर तिथे धाकट्यांच्या हाताखाली ती अगदी शहाण्यासारखी वागली. मग केबल बदलल्या, संगणक बदलला, रडारची वीज काचेत घुसते की काय म्हणून अर्धं विमान उसवलं. सगळ्यांच्या नाकी नऊ आले. साप साप म्हणून भुई धोपटणं चाललं होतं.

एका सकाळी चहाच्या खिडकीपाशी मुख्य अभियंता कपात बघत म्हणाले, "बाई, सगळं बदलून झालं. आता फक्त विमानाची चाकं बदलायची राहिलीत."

"सगळं नाही, साहेब," काटेबाई म्हणाल्या, आणि बोलता बोलता स्वतःच थबकल्या. "माणूस कुठे बदललाय? पहिलं विमान कायम थोरल्यांकडे, दुसरं कायम धाकट्यांकडे."

साहेबांनी कप खाली ठेवला. इकडे तिकडे पाहिलं. "थोरल्यांना हे सांगणार कोण? मी नाही सांगणार बरं का. माझी निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत."

"धाकट्यांना पहिल्या विमानात बसवा. आपोआप कळेल."

म्हणता म्हणता काटेबाईंनाच ते पटेना. वैमानिक बदलला तर कुणामुळे होतंय ते कळेल, काय होतंय ते कळणार नाही. आणि थोरल्यांच्या नावाला बट्टा तेवढा लागेल. शिवाय मनात एक वेगळंच घोळत होतं. त्यांनीच हौसेने काचेवर उंचीची जुनी गोल तबकडी जशीच्या तशी चितारली होती, अगदी जुन्या जागी. जुन्या वैमानिकांना घरच्यासारखं वाटावं म्हणून. आणि भूत नेमकं तिथेच बोट लावत होतं.

त्या सरळ थोरल्यांकडे गेल्या. "सर, एक विनंती आहे. विमान इथेच हँगरमध्ये उभं राहील, इंजिन बंद. तुम्ही आत बसून कालचं उड्डाण पहिल्यापासून शेवटपर्यंत करायचं. हवेत करता तसंच."

"नाटक करायचं म्हणता?"

"तालीम म्हणा. मी शिडीवर उभी राहून बघते."

"आम्ही शिकत होतो तेव्हा खुर्चीवर बसून असंच उडायचो," थोरले हसले. "तेव्हा बायको म्हणायची, खुळावलेत."

काटेबाईंनी जोडणीच्या खोलीतल्या संगणकावरून काचेला खोटी उंची, खोटा वेग पुरवायची सोय केली आणि त्या शिडी चढल्या. थोरल्यांनी हातमोजे चढवले, पट्टे आवळले, आणि काही क्षणांतच त्यांचा चेहरा पालटला. ते हँगरमध्ये राहिलेच नाहीत. डावा हात इंजिनाच्या मुठीवर, नजर बाहेर, ओठांत पुटपुट. चढले, वळले, आणि मग उंचीवरून सूर मारला. काचेवरची उंची भराभर उतरू लागली. काटेबाई डोळ्यांत तेल घालून त्यांचे हात बघत होत्या.

थोरल्यांचा उजवा हात अलगद उठला. मधल्या बोटाने काचेवरच्या तबकडीला टिचकी मारली आणि परत सुकाणूच्या दांड्यावर गेला. पापणी लवावी इतकं सहज. नकाशा गेला आणि उंचीचं पान उघडलं.

"बघा," थोरले वैतागून म्हणाले, "आलं की नाही परत भूत?"

काटेबाईंना क्षणभर आपलंच बोट शिवशिवल्यासारखं झालं. तबकड्यांच्या टेबलावर त्यांच्या मास्तरांनी पहिला धडा हाच दिला होता, आधी टिचकी, मग वाचन. जुना काटा अडकून बसतो. टिचकी मारली की खऱ्या जागेवर येतो. ज्यांचं आयुष्य काट्यांवर विसंबलेलं, त्यांच्या बोटांत ती टिचकी श्वासासारखी मुरलेली. धाकटे आकडे वाचत वाढलेले. त्यांना टिचकी माहीतच नाही.

"सर, आत्ता काय केलंत?"

"काय केलं? उंची बघितली."

"बोटाने?"

थोरल्यांनी आपला हात उचलून पाहिला, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता. मग मिशीत हसू फुटलं. "म्हणजे विमान उसवलंत, काच बदललीत, आणि भूत इथे पट्टे बांधून बसलंय."

बैठकीत त्यांनी स्वतःच हात वर केला आणि सगळं सांगून टाकलं. मुख्य साहेबांचा जीव भांड्यात पडला. "सुंठीवाचून खोकला गेला. वैमानिकांना सूचना काढू, काचेला टिचकी मारू नये. झालं."

"नाही झालं, साहेब," काटेबाई म्हणाल्या. "सर शांत असतील तेव्हा सूचना पाळतील. अंगावर क्षेपणास्त्र येत असेल तेव्हा हात जुन्याच वाटेने जाणार, आणि नेमका तेव्हाच नकाशा जाणार. बोट लागलं म्हणजे आज्ञा झाली, असं धरून मी चालले. चूक माझी आहे. मला काच बदलू द्या."

"समिती दारात आलीय, बाई."

"येऊ दे. मी आत काम करत असेन."

साहेबांनी थोरल्यांकडे पाहिलं. थोरले म्हणाले, "त्यांच्या हातून काच बदलून येईल, तेव्हाच मी उडेन."

मग प्रश्नच मिटला. काटेबाईंनी काचेला नवं वळण लावलं. निसटता स्पर्श कानाआड करायचा, बोट जरा टेकून ठेवलं तरच आज्ञा समजायची. पण तेवढ्यानेही त्यांचं समाधान होईना. जोडणीच्या खोलीत काच मांडून त्यांनी फर्मान काढलं, की येणाऱ्या-जाणाऱ्याने टिचकी मारल्याशिवाय पुढे जायचं नाही. हातमोज्याने, नखाने, पेनाच्या टोपणाने. खोलीत दिवसभर टकटक चाले. विभागातला एक इरसाल गडी म्हणाला, "बाई, सुतारपक्षी पाळलेत वाटतं." पण काच ढिम्म हलली नाही.

समितीच्या दिवशी नियंत्रण कक्षात सगळे ध्वनिक्षेपकाकडे कान लावून बसले होते. आभाळ लख्ख होतं. थोरल्यांनी विमान सरळ वर नेलं आणि तिथून सूर मारला. काटेबाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता.

"खाली येतोय," थोरल्यांचा मऊ आवाज आला. "नकाशा जागेवर. रडार जागेवर. काटेबाई, ऐका."

आणि त्या गडगडाटातून बारीक, खणखणीत आवाज आला. टक. टक. टक.

"नकाशा जागेवर," थोरले म्हणाले. "पहाडासारखा."

थोरले हे कुणाशी काय बोलतायत, म्हणून समितीचे अध्यक्ष इकडे तिकडे बघत राहिले. ते स्वतःही एके काळचे वैमानिक. विमान उतरल्यावर हट्टाने शिडी चढून आत बसले. काच न्याहाळली, कोपऱ्यातली तबकडी बघितली, आणि बघता बघता त्यांचं बोट आपसूक उठलं. टक.

काच शांत. शिडीभोवतीची माणसं एकमेकांकडे बघू लागली, आणि थोरल्यांना हसू आवरेना. अध्यक्षांना आधी कळेना, मग आपल्याच बोटाकडे पाहून तेही हसू लागले.

"ही काच कुणाची?" त्यांनी विचारलं.

थोरल्यांनी नुसता हात केला. गर्दीने आपोआप वाट दिली आणि काटेबाई पुढे आल्या.

"सगळी विमानं तुमच्याकडे पाठवतो," अध्यक्ष आतूनच म्हणाले. "एका वेळी किती घ्याल?"

काटेबाईंनी हँगरच्या दाराकडे एकवार नजर टाकली. "मावतील तेवढी," त्या म्हणाल्या, "आणि दोन दाराबाहेर."