छताखालचा डबा

नागोराव मुन यांनी एसी बसवून दिला, की मालकाने चहा विचारायचा आणि नागोरावांनी नको म्हणायचं, हे ठरलेलंच होतं. चहा नंतर, आधी डबा. नुकत्याच टांगलेल्या यंत्राच्या बरोबर खाली ते सतरंजीचा तुकडा अंथरायचे, मांडी घालायचे आणि सावकाश जेवायचे. ज्वारीची भाकर, आंबाडीची भाजी, मिरचीचा ठेचा. वर तीस-पस्तीस किलोचं धूड चार सळयांवर लटकलेलं, आणि खाली हा गृहस्थ कांदा फोडतोय. मालकांना गंमत वाटायची. कोणी खुर्ची पुढे करायचं, कोणी फोटो काढायचं, एकाने तर तोंडावर 'सर्किट' म्हटलं होतं.

"ज्याच्याखाली मी जेवलो नाई, त्याच्याखाली मी कोणाले बसू देत नाई," नागोराव एवढंच सांगायचे आणि भाकरीचा पुढचा तुकडा मोडायचे.

ही रीत त्यांच्या वडिलांची. वडील राजूरच्या कोळसा खाणीत होते. पाळीवर गेलं की आधी लांब काठीने डोक्यावरचं छत ठोकायचं. खणखणीत वाजलं तर ठीक, भद्द वाजलं तर सगळ्यांना मागे घ्यायचं. आणि तपासलेल्या जागेखाली पहिला डबा स्वतःचा उघडायचा, म्हणजे बाकीचे न सांगता येऊन बसतात. नागोराव खाणीत गेले नाहीत, आईने जाऊ दिलं नाही. ते यवतमाळला येऊन कूलर, फ्रिज आणि पुढे एसीच्या कामात पडले. काठी मात्र त्यांच्याबरोबर आली. छतात बसणारी चौकोनी यंत्रं, ज्यांना धंद्यात कॅसेट म्हणतात, ती आली तेव्हा या काठीला पुन्हा काम मिळालं.

त्यांच्या आणखीही खोडी होत्या, आणि मी त्यांना खोडीच म्हणतो, कारण शहाणपण म्हटलं की लोक ऐकून सोडून देतात. काम सुरू करण्याआधी ते मुख्य फ्यूज काढून स्वतःच्या सदऱ्याच्या खिशात टाकायचे. कोणी कितीही घाईचा माणूस असो, फ्यूज हवा तर नागोरावांच्या छातीला हात घालावा लागे. शिडीवर चढताना पाना दोरीने मनगटाला बांधलेला. आणि यंत्र टांगण्याआधी त्याच सळयांना त्याच्या चौपट वजन एक रात्रभर लटकवून ठेवायचं. त्यामुळे दुसरे मिस्त्री अर्ध्या दिवसात उरकत ते काम यांना दोन दिवस पुरायचं. गिऱ्हाइकं तुटायची. तुटली तर तुटू द्यायची, असा त्यांचा हिशेब होता.

तर २०१५ च्या मे महिन्यात त्यांना दारव्ह्याचं काम आलं.

वामन सर दारव्ह्याच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. वय चौऱ्याहत्तर, आवाज अजून प्रार्थनेच्या मैदानावरचा. घराशेजारच्या हॉलमध्ये त्यांनी खेड्यांतून येणाऱ्या मुलींसाठी संगणकाचा वर्ग काढला होता. जुन्या विद्यार्थ्यांनी संगणक दिले, आणि विदर्भाच्या उन्हात ते तापून बंद पडू नयेत म्हणून कॅसेट एसीही दिला. रविवारी उद्घाटन होतं. तीस मुलींची नावं नोंदलेली, पत्रिका वाटून झालेल्या. नागोराव आणि त्यांचा वीस वर्षांपासूनचा जोडीदार खेमसिंग राठोड शुक्रवारी सकाळीच जीपने येऊन पोचले.

दारातच सरांच्या पत्नी कुंदाकाकूंनी विचारलं, "यात पाणी कुठून टाकायचं हो? आणि खिडक्या किती उघड्या ठेवायच्या?"

"काकू, हा कूलर नोहे," खेमसिंग म्हणाला. "खिडक्या लावाच्या, आन् पाणी हाच बाहेर टाकते."

"मग हा शहाणाच म्हणायचा," काकू म्हणाल्या आणि भरून आणलेली बादली परत घेऊन गेल्या.

सरांनी मात्र दोघांना आधी हॉलचं छत दाखवलं. पांढऱ्या चौकोनी पाट्यांचं खोटं छत होतं. "यावर काय आहे माहीत आहे?" त्यांनी वर बोट करून विचारलं. उत्तराची वाट त्यांनी विद्यार्थ्यांचीही कधी पाहिली नव्हती. "आमच्या शेतातला कापूस! व्यापारी मातीमोल भाव सांगून राहिले, तेव्हा म्हटलं, नाहीच विकत. कुंदानं जुन्या लुगड्यांच्या पिशव्या शिवल्या, त्यात कापूस भरला आणि सगळ्या वर पसरल्या. ऊन खाली येतच नाही. अख्खं दारव्हा पाहून गेलं. कापसाला बाजारात किंमत नसेल, इथे आहे."

खरंच लोक पाहून गेले होते. त्या वर्षांत जिल्ह्यात कापूस म्हटलं की माणसं मान खाली घालायची. तिथे या म्हाताऱ्याने कापूस डोक्यावर घेतला, याचं सगळ्यांना अप्रूप होतं. नागोरावांनाही क्षणभर बरं वाटलं. मग त्यांची नजर पाट्यांमधल्या दिव्यांवर गेली.

त्यांनी फ्यूज काढून खिशात टाकला, शिडी लावली, एक पाटी सरकवली आणि वर हात घातला. मऊ पिशव्या हाताला लागल्या, उंदरांच्या लेंड्या लागल्या. कापूस सरकीसकट होता, आणि सरकीला उंदीर येणारच. त्यांनी विजेरी फिरवली. पिशव्यांमधूनच दिव्यांच्या वायरी गेल्या होत्या, दोन ठिकाणी उंदरांनी कुरतडलेल्या. एका जोडापाशी लुगड्याचा हिरवा काठ काळा पडला होता. त्यांनी ती पिशवी ओढली. आत मूठभर कापूस जळून कोळसा झालेला, आणि कसा कोण जाणे, तिथेच विझलेला.

नागोराव खाली उतरले. पिशवी सरांसमोर धरली.

"सर, हा सगळा कापूस काढा लागते. काढल्याशिवाय मी मशीन टांगत नाई."

सरांनी काळा डाग पाहिला. "वायरमननं काम करताना बिडी ओढली असेल."

"बिडी नोहे, सर. जोड तापला. आता एसीची लाइन बी इथूनच जाईल. अजून तापन."

"अहो, तीन महिने झाले. आग लागायची असती तर लागली नसती? धूर तरी दिसला असता."

"कापूस धूर दाखोत नाई. आतल्या आत जळते. राजूरले कोळशाचा ढीग असाच जळे. वरून थंड, आत लाल."

सरांचा चेहरा लाल झाला. तीन महिने ज्या गोष्टीचं गावभर कौतुक ऐकलं, ती शिडीवरून उतरलेला माणूस चूक म्हणत होता. रविवारी पाहुण्यांना ते छत दाखवायचं होतं. भाषणात त्यावर अख्खा परिच्छेद लिहिलेला होता. "नागोराव," ते म्हणाले, "तुम्हाला यंत्र बसवायला बोलावलंय, घर तपासायला नाही. जमत नसेल तर सांगा. यवतमाळात दुसरे मिस्त्री आहेत, संध्याकाळपर्यंत बसवून जातील."

आणि ते खरंच होतं. दुसरा कोणी आला असता, चौकोन कापला असता, पिशव्या जरा बाजूला सारल्या असत्या आणि संध्याकाळच्या जीपने गेला असता. रविवारी तीस मुली त्याखाली बसल्या असत्या. हॉलला दार एकच होतं. नागोरावांनी ते दार येतानाच पाहून ठेवलं होतं. आता निघून जाणं सोपं होतं, कोणी दोष दिला नसता. पण हत्यारांच्या पेट्या गोळा करायच्या ऐवजी ते काकूंकडे वळले.

"काकू, एक उदबत्ती देता? आन् एक ताटली."

काकूंनी देवापुढची पेटती उदबत्तीच आणून दिली. नागोरावांनी पिशवीतला मूठभर पांढरा कापूस घेतला, उदबत्तीचा निखारा तोडून आत खुपसला, कापूस घट्ट दाबून लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळला आणि ती पुरचुंडी ताटलीत घालून ओसरीवर ठेवली. आधी थोडा धूर आला. मग तोही दिसेनासा झाला.

"विझली," सर म्हणाले.

"हो का? बसू मंग अर्धा घंटा."

तो अर्धा तास मोठा कठीण गेला. सर आरामखुर्चीत पत्रिका वाचल्यासारखं करत होते. खेमसिंग पायरीवर बसून तंबाखू मळत होता आणि मळलेली तोंडात टाकायचं विसरला होता. नागोराव मनात म्हणत होते, विझली असेल तर? निखारा लहान होता. विझली असेल, तर पुढे बोलायला तोंड राहणार नाही आणि छत तसंच राहील. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आग लागलेली हवी होती.

काकूंनीच पहिल्यांदा नाक वर केलं. "काहीतरी करपतंय."

नागोरावांनी पेचकसाच्या टोकाने पुरचुंडी उकलली. वरचा कापूस पांढराच होता, गावातल्या कुठल्याही घरी गादीत भरावा असा. त्यांनी तो मधोमध फाकवला. आत सगळं लालभडक होतं. वारा लागला आणि ते भक्कन पेटलं. नागोरावांनी ताटली दूर सारली, काकू दोन पावलं मागे सरल्या.

सर उठले नाहीत. जळून संपेपर्यंत ते त्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी मान वळवून हॉलकडे पाहिलं, तिथल्या एकुलत्या एका दाराकडे पाहिलं. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, आणि आत जाऊन बाह्या वर करून बाहेर आले.

"काढा," ते म्हणाले. "मी खालून पिशव्या झेलतो."

अडीच क्विंटल कापूस खाली यायला दुपार गेली. खेमसिंग पाट्या सरकवायचा, नागोराव पिशव्या सोडायचे, सर झेलायचे आणि काकू एकेक उघडून पाहायच्या. आणखी एक काळा डाग सापडला. काकूंनी ती पिशवी सरांना दाखवली नाही. नागोरावांनी मात्र दाखवली, कारण अशा बाबतीत त्यांना गोड बोलता येत नसे. मग त्यांनी जुन्या वायरी काढून नव्या नळीतून ओढल्या.

कापूस निघाल्यावर खरं छत दिसलं. नागोरावांनी काठी घेतली आणि टोक टोक करत स्लॅब ऐकत फिरले. मधोमध आवाज भद्द आला. ते दीड फूट सरकले, तिथे खणखणीत आला. सरांना यंत्र बरोबर मध्यभागी हवं होतं. त्यांनी स्वतःच शिडी दीड फूट सरकवली. भोकं पडली, पोलादी खुंट्या स्लॅबमध्ये घट्ट बसल्या, त्यांना आटे पाडलेल्या चार सळया लागल्या. खोट्या छताच्या पट्ट्यांना एक तारसुद्धा बांधली नाही. ती पट्टी पाटी सांभाळायला असते, यंत्र सांभाळायला नव्हे, हे नागोराव प्रत्येक ठिकाणी सांगत आणि प्रत्येक ठिकाणी कोणीतरी ते विसरत.

"आता चौपट वजन पाह्यजे," नागोराव म्हणाले. सगळ्यांनी एकदमच त्या कापसाकडे पाहिलं. काकूंच्या पिशव्या पोत्यांत कोंबल्या, तराजूवर चढवल्या, एकशे चाळीस किलो भरले, आणि ते गाठोडं चार सळयांना टांगलं. हॉलला कुलूप लावून किल्लीही नागोरावांनीच खिशात टाकली.

शनिवारी सकाळी गाठोडं होतं तिथेच होतं. सळीवर मारलेली खडूची खूण केसभरही हलली नव्हती. मग यंत्र वर गेलं. दोघांनी मिळून उचललं, खाली कोणालाही उभं राहू दिलं नाही. प्रत्येक सळीला दोन नट, एक धरायला आणि एक त्याला सैल होऊ न द्यायला. पाणसळ लावली. पाण्याच्या नळीला उतार दिला आणि तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर अंगणातच पडतं का, हे काकूंना बघायला लावलं. "पडलं!" काकू अंगणातून ओरडल्या. शेवटी त्यांना पाणी टाकायला मिळालं, याचा त्यांना आनंद झाला होता.

बारा वाजले. नागोरावांनी सतरंजीचा तुकडा अंथरला आणि डब्याला हात घातला.

"थांबा," सर म्हणाले.

"सर, चहा नंतर..."

"चहाचं नाही म्हणत. आज मी बसतो."

"हे माह्या कामाची रीत हाय, सर."

"असेल. पण उद्या त्या मुलींना इथे मी बसवणार आहे. कालपर्यंत मी त्यांना कशाखाली बसवणार होतो, ते तुम्ही पाहिलंत. डबा द्या इकडे."

सर खाली बसले. गुडघे दुखत होते, भिंतीला टेकायला जागा नव्हती. त्यांनी नागोरावांचा डबा उघडला, भाकर मोडली, ठेचा लावला.

आणि वीस वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं. स्वतः यंत्राखाली बसून नागोरावांनी शेकडो वेळा निवांत कांदा फोडला होता. आज त्याच यंत्राखाली दुसरा माणूस जेवताना त्यांना बघवेना. तिसऱ्या सळीचा वरचा नट आपण आवळला की खेमसिंगने? आवळलाच. पण शेवटचा फेरा? वडिलांच्या टोळीतली माणसं खाणीत येऊन बसत, तेव्हा वडिलांना काय वाटत असेल, हे त्यांना आज कळलं.

"ठेचा फार तिखट आहे हो," सर डोळे पुसत म्हणाले.

नागोरावांनी ऐकलंच नाही. ते सरांच्या शेजारी जाऊन उभे राहिले होते, आणि यंत्र डोक्यापासून पाच फूट वर असतानाही त्यांचे दोन्ही हात तळवे उघडून वर गेले होते.

"नागोभाऊ," खेमसिंग जवळ येऊन हळूच म्हणाला, "हात खाली घ्या. सळया धरून हायेत." आणि त्याने नागोरावांचे हात धरून खाली आणले.