त्र्याण्णवचा हट्ट

पुण्याहून निघताना गाडीची टाकी त्र्याण्णव ऑक्टेनच्या पेट्रोलनं गच्च भरून घेतली होती आणि त्याचा मला कोण अभिमान! त्या काळी दोन प्रकारचं पेट्रोल मिळायचं. साधं सत्त्याऐंशी सगळीकडे, आणि महागडं त्र्याण्णव मोजक्या पंपांवर. आमच्या ऑफिसातले साहेब परदेशी गाडी बाळगून होते. ते म्हणायचे, सत्त्याऐंशी घातलं की इंजिन आतून टकटक वाजतं आणि पिस्टनची वाट लागते. साहेबांची गाडी कुठे आणि माझी जुनी फियाट कुठे! पण एवढा विचार करायला डोकं लागतं. मी चार वर्षं फियाटला त्र्याण्णवच पाजत होतो.

अजिंठ्याचा घाट उतरून खानदेशात शिरलो तेव्हा उन्हं कलली होती. कपाशी वेचून झालेली, शेतांत नुसत्या पऱ्हाट्या (कपाशीची वाळकी झाडं) उभ्या. दिवेलागणीला जळगावात अक्काच्या दारात गाडी लावली. अक्का माझी थोरली बहीण. दाजी, म्हणजे तिचे यजमान, दोन दिवसांपूर्वी पुतणीकडे धुळ्याला गेले होते. ते परतले की तिघांनी पद्मालयाच्या गणपतीला जायचं ठरलं होतं. अक्कानं वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली) वाढली. मी दोन भाकऱ्या हाणल्या आणि ताणून दिली.

सकाळी साडेआठला शेजारच्या दुकानात फोन आला. दाजींच्या छातीत कळ आली होती, धुळ्याच्या दवाखान्यात ठेवलं होतं. शुद्धीवर होते. अक्काला बोलवा म्हणत होते.

अक्का रडली नाही. दाजींचा स्वेटर काढला, रात्रीच्या पिठाच्या दोन भाकऱ्या थापल्या आणि डब्यात घातल्या. “दवाखान्यातलं त्यांच्या घशाखाली उतरत नाही,” म्हणाली. मग चपला घालत म्हणाली, “बापू, मी एसटीनं जाते. स्टँड हे इथंच आहे.”

“वेडी का काय तू? दारात गाडी असताना एसटी? ती पन्नास ठिकाणी थांबेल!”

ती गाडीत बसली. टाकीचा काटा तळाला टेकला होता. कोपऱ्यावरच्या पंपावर गेलो, तर तिथं फक्त सत्त्याऐंशी. नळी हातात धरून उभा असलेला म्हातारा माझं तोंड बघत म्हणाला, “भाऊ, त्र्याण्णव आठे नही शे. बठ्ठा लोके हाईच टाकतस. काही व्हत नही.” (इथं त्र्याण्णव नाही. सगळे हेच टाकतात, काही होत नाही.)

“तुमच्या लोकांचं मला सांगू नका,” असं मी त्याला म्हणालो. हे शब्द मी विसरलेलो नाही.

धुळे रस्त्यावरच्या दुसऱ्या पंपावर त्र्याण्णवचं मशीन होतं, पण त्यावर गोणपाट टाकलेलं. टँकर अर्ध्या तासात येईल म्हणाले. मी गाडी सावलीला लावली. इंजिन बिघडून वाटेत उभं राहण्यापेक्षा अर्धा तास परवडला, असा माझा हिशोब. अक्काला तसं समजावूनही सांगितलं, साहेबांच्या थाटात, पिस्टनसकट! तिला त्यातलं काय कळणार? ती मान हलवत राहिली.

टँकर पाऊण तासानं आला. पण टँकर आला म्हणजे लगेच पेट्रोल मिळतं थोडंच? कागद बघायचे, काठी बुडवून मोजायचं, मग पाइप जोडून सगळं जमिनीतल्या टाकीत उतरवायचं. तेवढ्यात धुळ्याची पाटी लावलेली एसटी समोर येऊन उभी राहिली. कोणी तरी उतरत होतं. अक्कानं दार उघडलं, एक पाय बाहेर टाकला.

“बस गं, झालंच आता,” मी म्हणालो.

तिनं पाय आत घेतला. एसटी निघून गेली.

पंपावरून हललो तेव्हा सव्वा तास झाला होता. गिरणेच्या पुलावर वाऱ्यानं वाळू उडत होती. पात्रात पाण्याची एवढीशी धार, तिच्या कडेला बायका धुणं धूत होत्या. एरंडोलला बैलगाड्यांची रांग लागली होती, तिथं मी हॉर्न वाजवून गाव डोक्यावर घेतलं. पारोळ्याच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला. आणि तिथं मी, लाज वाटते सांगायला, अक्काला म्हणालो, “बघ, इंजिन कसं लोण्यासारखं चाललंय!”

“हो रे,” ती म्हणाली. मांडीवरचा डबा तिनं दोन्ही हातांनी धरला होता.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर पुतणीचा नवरा उभा होता. त्याचा चेहरा बघूनच मी समजलो. “आत्ताच, वीस मिनिटं झाली,” तो म्हणाला. “शेवटपर्यंत शुद्धीवर होते. निघाली का, कुठवर आली, हेच विचारत होते.”

अक्कानं डब्याची पिशवी माझ्या हातात दिली आणि एकटी आत गेली.

दाजींना जळगावला आणलं. तेराव्यापर्यंत मी राहिलो. दारावर येणाऱ्या प्रत्येकाला अक्का सांगायची, “बापू होता म्हणून निभावलं. त्यानं गाडी काय पळवली! पण ते पेट्रोलच नव्हतं गावात, त्याला तो तरी काय करणार?” लोक माझ्याकडे कौतुकानं बघायचे. मी सतरंजीकडे बघत बसायचो.

निघायच्या आदल्या दिवशी ब्रेक दाखवायला गाडी गॅरेजमध्ये नेली. मिस्त्री रहीमचाचा, पिकलेल्या दाढीचे. त्यांना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “चाचा, हिला सत्त्याऐंशी चालेल का हो?”

चाचा हसले. “चालेल काय साहेब, हिचं खाणंच ते आहे. त्र्याण्णव कडक दाबाच्या इंजिनाला लागतं, त्या बाहेरच्या गाड्या असतात ना, त्यांना. हिच्यात टाकलं काय, न टाकलं काय, हिला पत्ताही लागत नाही. कोणी सांगितलं तुम्हाला?”

मी गॅरेजबाहेर येऊन भिंतीला टेकून उभा राहिलो.

निघताना अक्का गाडीपर्यंत आली. पांढरं कपाळ, सुजलेले डोळे. खिडकीच्या काचेवर हात ठेवून हळूच म्हणाली, “बापू, एक विचारू? रात्री झोप लागत नाही रे. त्या पहिल्या पंपावरचं ते साधं पेट्रोल... ते नसतंच ना चाललं?”

तेरा दिवसांत तिनं मला विचारलेली ही एकच गोष्ट.

“नाही अक्का,” मी म्हणालो. “नसतं चाललं.”

“तेच म्हटलं मी,” ती म्हणाली आणि तिचा श्वास मोकळा झाला. हे तिच्या मनासाठी बोललो, की स्वतःची कातडी वाचवायला, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही सांगता येणार नाही.

गावाबाहेर पडताना टाकी सत्त्याऐंशीनं भरली. जळगाव ते पुणे, सबंध दिवसाचा रस्ता. कुठे तरी, निदान अजिंठ्याच्या चढावर तरी, गाडी बंद पडावी असं मला फार वाटत होतं. नाही पडली.