एलवायबाईंची पाटी

मुलं त्यांना पाठीमागे एलवायबाई म्हणायची आणि बाईंना ते ठाऊक होतं. इंग्रजी व्याकरणाचा अर्धा गड त्यांनी या दोन अक्षरांच्या जोरावर राखला होता. नामाबद्दल सांगतं ते विशेषण, क्रियापदाबद्दल सांगतं ते क्रियाविशेषण, आणि शब्दाच्या शेपटाला एलवाय दिसला की डोळे मिटून क्रियाविशेषण. एखादं आगाऊ पोर विचारायचंच, "मग बाई, फ्रेंडली?"

"अपवाद. खाली बस."

घरीही तेच. त्यांचे यजमान, निवृत्त कंपाउंडर, एकदा चहा गाळता गाळता म्हणाले, "आणि लव्हली?"

"तोही अपवाद."

"आणि मी?"

"तुम्हीसुद्धा," बाई म्हणाल्या. याचा अर्थ काय घ्यायचा, हे यजमानांना अजून उलगडलेलं नाही.

बाई निवृत्त झाल्या आणि त्याच सुमारास सोसायटीच्या वळणावर सेक्रेटरींनी इंग्रजीत पाटी लावली : ड्राइव्ह स्लो. बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. "अहो, ड्राइव्ह क्रियापद आहे. त्याला स्लोली लागतं."

"बाई, गाड्या कुठे व्याकरण शिकल्यात? हळू गेल्या म्हणजे झालं."

हळू तर त्या जातच नव्हत्या. पण बाईंच्या लेखी तो नंतरचा प्रश्न होता. आधी वाक्य सुधारायला हवं.

रविवारी सकाळी त्या ब्रश आणि काळा रंग घेऊन स्टुलावर चढल्या. यजमानांनी स्टूल धरलं. बाईंनी एल काढायला घेतला आणि भरधाव येणारा दूधवाला चक्क पाय टेकून थांबला. टॅक्सीवाल्याने काच खाली केली. "काय लिहिताय, आजी?" बाईंनी त्याला क्रियापदापासून समजावलं. मागे गाड्यांची रांग लागली, तरी कुणी हॉर्न वाजवला नाही.

घरी येऊन त्यांनी हा पराक्रम सुनेला फोनवर सांगितला. सून कॉलेजात इंग्रजी शिकवायची. ती चाचरत म्हणाली, "आई, तसं स्लो हे क्रियाविशेषण म्हणूनही चालतं. जुनाच वापर आहे. शब्दकोशातही दिलाय."

बाईंना आयुष्यभर मारलेल्या लाल रेघा आठवल्या. "म्हणजे अपवाद," त्या म्हणाल्या, पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

संध्याकाळी गाड्या पुन्हा सुसाट. दोन अक्षरांनी त्यांना काडीचा फरक पडला नव्हता. सेक्रेटरी मात्र दारात येऊन उभे राहिले. "बाई, सकाळी गाड्या कशा शहाण्यासारख्या चालल्या होत्या. रोज थोडा वेळ तिथे रंगवल्यासारखं कराल का?"

"रंगवल्यासारखं म्हणजे? पाटी आता बरोबर आहे."

"आधीही होती," आतून यजमान म्हणाले. फोन त्यांनी ऐकला होता.

बाईंनी धाडकन दार लावून घेतलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कोरडा ब्रश घेऊन स्टुलावर हजर होत्या. कुणी विचारलं तर सांगायच्या, दुसरा हात द्यायचाय.