चाफ्याची कमाई आणि माझं इंग्रजी

चूक माझीच होती. नंदाखाल गावातल्या आमच्या वाडीत ऑफिसातले मित्र जेवायला आले होते. ओट्यावर आई सोनचाफा पानात बांधत होती. "यात सुटतं किती?" एकाने विचारलं. मी हसत इंग्रजीत म्हणालो, "चिकन फीड!" आईला कळणार नाही, असं मी धरून चाललो होतो.

"कळतं रे मला," आई म्हणाली. "कोंबड्यांपुढे टाकण्याएवढेच पैसे मिळतात. त्यातच तुझं कॉलेज झालं. उद्याही फुलं तोडणार."

आता तो शब्द कुणी काढला, की मी भर मीटिंगमध्ये अडवतो. पण तेवढ्याने भागणार नव्हतं. त्याच मित्रांना पुन्हा जेवायला बोलावलं आणि त्यांच्यासमोर मराठीत म्हणालो, "आई, तुझ्या कष्टांची मी टिंगल केली. मला माफ कर."